उचगावात नकार गोळा करताना

कोल्हापूरला जाऊन आले म्हटलं की लोक तीन गोष्टी विचारतात. देवीचं दर्शन झालं का, चपला आणल्या का, आणि रस्सा झेपला का. तिन्हींची उत्तरं पुढे येतील. पण मी तिथे गेले होते वेगळ्याच कामाला. मला तिथल्या माणसांचे नकार गोळा करून आणायचे होते, तेही त्यांच्या डोक्याला तारा लावून.

दोन हजार चार सालचा जानेवारी. पुण्यातल्या एका मानसशास्त्राच्या प्रयोगशाळेत मी तेव्हा संशोधन सहायक होते. माझं गाव दारव्हा, जिल्हा यवतमाळ. वडील जिनिंगमध्ये कापसाच्या गाठी उचलायचे. आमच्या सगळ्या नातलगांत पदवी घेतलेली मी पहिली, त्यामुळे मी नेमकं काय करते हे घरी कुणालाच सांगता यायचं नाही. बाबा गावात सांगत, "आमची वनिता पुण्याला डोक्याच्या दवाखान्यात आहे," आणि ऐकणारे हळहळत. आई मग घाईने म्हणे, "बरी आहे बाप्पा ती, दुसऱ्यांची डोकी तपासते."

आमचं काम असं होतं. वाटणी अन्यायाची आहे असं दिसल्यावर माणूस काय करतो, त्यात त्याच्या स्वभावाचा वाटा किती, आणि त्या क्षणी त्याच्या मेंदूत काय हालचाल होते, हे पाहायचं. त्यासाठी एक खेळ होता. समजा, एका अनोळखी माणसाला भडंगाच्या दहा पुड्या मिळाल्या. त्यातल्या किती तुम्हाला द्यायच्या हे त्याने ठरवायचं. तुम्ही 'घेतो' म्हणालात तर त्याच्या पुड्या त्याला, तुमच्या तुम्हाला. 'नको' म्हणालात तर दोघांनाही काही नाही. अशा पुष्कळ फेऱ्या खेळायच्या आणि शेवटी चिठ्ठी टाकून त्यातली एक फेरी खरी करायची. पुण्यातल्या कॉलेजच्या मुलांना कुणी दहातली एकच पुडी देऊ केली की ती मुलं रागाने 'नको' दाबत. डोक्यावरच्या टोपीतले लहान लहान खुंट त्या रागाच्या क्षणी मेंदूत होणारी विजेची हालचाल टिपत. सगळ्या फेऱ्यांची सरासरी काढली की संगणकावर एक रेघ उमटे, आणि अन्यायाच्या वाटणीपाशी त्या रेघेला खाली खड्डा पडे.

आमच्या मॅडमना आता कॉलेजबाहेरची माणसं हवी होती. एका सहकाऱ्याचे मामा कोल्हापूरजवळ उचगावला राहत, त्यांनी घर देऊ केलं. मॅडम म्हणाल्या, "वनिता, तू जा." माझी जागा या कामापुरतीच होती. उचगावची नोंद नीट झाली तर काम पुढे चालणार होतं आणि त्यातूनच माझी पीएचडी. नाही झाली तर दारव्हा. मी नेहमीसारखं "हो मॅडम" म्हणाले आणि यंत्राचं खोकं मांडीवर घेऊन एसटीत बसले.

उचगाव

मामांना सगळे आण्णा म्हणत. पन्नाशी ओलांडलेले, कपाळावर भस्माचे तीन पट्टे, बोलणं कमी. घराला लागून त्यांची पिठाची गिरणी. घरात खरा अधिकार त्यांच्या थोरल्या बहिणीचा, आक्कांचा. आक्का नवऱ्यामागे माहेरी येऊन राहिल्या होत्या. गिरणीच्या आवाजावरून बोलायची सवय झाल्यामुळे त्या गिरणी बंद असतानाही तशाच बोलत.

आण्णांनी खोक्यातल्या तारा पाहिल्या. "करंट बसतोय काय ह्यानं?"

"नाही आण्णा. हे यंत्र करंट देत नाही. आपल्या डोक्यात असतो तेवढा फक्त मोजतं."

"म्हंजे मीटर हाय," आण्णा म्हणाले आणि त्यांच्यापुरता प्रश्न मिटला.

मी मनात तांबड्या रश्शाची तयारी करून आले होते. पण हे घर लिंगायतांचं. तिथे मटणाचं नाव नाही. पानात आलं ते ज्वारीची भाकरी, घट्ट आमटी, मिरचीचा खर्डा, शेंगदाण्याची चटणी आणि वाडगाभर हुग्गी. हुग्गी म्हणजे कांडलेल्या गव्हाची गूळ-खोबरं घालून केलेली खीर. आमच्याकडे वऱ्हाडात पाहुण्याला "घेता का अजून?" असं विचारतात, पाहुणा दोनदा नाही म्हणतो आणि तिसऱ्यांदा घेतो. ही सगळी बोलणी होईपर्यंत पोटाला जरा उसंत मिळते. उचगावात विचारतच नाहीत. आक्कांनी पळी उपडी केली आणि म्हणाल्या, "खा." मी खाल्लं. पुन्हा पळी आली. मी पुन्हा खाल्लं. मोठ्यांनी दिलेलं परतवायचं कसं, हे मी कधी शिकलेच नव्हते. त्या दुपारी मी भिंतीला टेकून श्वास मोजत बसले होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी ओसरीवर गर्दी जमली. आण्णांनी गिरणीवर येणाऱ्या प्रत्येकाला सांगितलं होतं, "पुण्यास्नं एक बाई आल्यात, डोक्याचा फोटो काढणार हाईत." फोटो म्हटल्यावर सगळ्यांनी तयारी केली होती. बायका, पुरुष, झाडून सगळे डोक्यावर भरपूर तेल थापून, भांग काढून, चापूनचोपून आले होते. कपाळावर तेलाचे ओघळ. काहींनी तर माझ्यासाठी म्हणून जास्त लावलं होतं.

टोपीच्या खुंटांना तेल चालत नाही. कातडीवर तेल असलं की रेघ उमटतच नाही. मी कसंबसं सांगितलं. सगळ्यांचे हात आपापल्या डोक्याकडे गेले.

"आगं मग काल सांगायचं की," आक्का म्हणाल्या. "आता हितंच धुवा सगळी."

त्यांनी अंगणातला बंब पेटवला. शिकेकाईचा डबा बाहेर आला. पुरुष नळाखाली, बायका मागच्या मोरीत. अख्ख्या गल्लीला शिकेकाईचा वास लागला. अकराच्या सुमारास आण्णांच्या अंगणात पंधरा-वीस माणसं केस मोकळे सोडून उन्हात बसली होती, चहा पीत, एकमेकांच्या पिकलेल्या केसांवर बोलत. मी इतक्या प्रयोगशाळा पाहिल्या, पण इतकी स्वच्छ डोकी एकत्र पुन्हा कुठे पाहिली नाहीत.

टोपी घालण्याआधी स्वभावाची प्रश्नावली असे. पहिला आला शेजारचा संभाजी, फौंड्रीत कामाला, चाळिशीचा, आवाज छपराला भिडणारा. मी वाचलं, "मी अनोळखी माणसांशी सहज बोलू शकतो. बरोबर की चूक?"

"अनोळखी म्हंजे कसली मानसं, पावणं?"

"ज्यांना तुम्ही ओळखत नाही ती."

"वळखत न्हाय तर इचारायचं की, कुठल्या गावचं. मग अनोळखी ऱ्हातंय कुठं?"

"मी पटकन भांडणावर येतो. बरोबर की चूक?"

"बरोबर," संभाजी म्हणाला. ओसरीवरून चार आवाजांनी त्याला दुजोरा दिला.

मला बरं वाटलं. हा गडी नकार देणार.

यंत्र सुरू केलं तर पडद्यावरच्या सगळ्या रेघा जाड आणि काळ्या. शेजारी गिरणीची मोटर चालू होती, तिची वीज आमच्या तारांत शिरत होती. गिरणी थांबवा असं म्हणायची माझी हिंमत होईना. आण्णांनी पडद्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आत गेले आणि खटका ओढला. रेघा सरळ झाल्या. "दहा ते एक बंद ठेवतो," ते म्हणाले. त्या दिवसापासून दुपारपर्यंत गिरणीपुढे ज्वारीच्या डब्यांची रांग लागायची आणि डबे ठेवून गेलेल्या बायका, वेळ आहेच तर, म्हणून माझ्याकडे येऊन बसायच्या.

वाटण्या करणारी माणसं खरी होती. पुण्याच्या मुलांनी त्या आधीच करून ठेवल्या होत्या. संभाजीच्या पडद्यावर पहिली वाटणी आली. समोरच्याला नऊ, तुम्हाला एक. संभाजीने 'घेतो' दाबलं. पुन्हा नऊ-एक. 'घेतो'. आठ-दोन. 'घेतो'. शेवटपर्यंत एकदाही 'नको' नाही. मधेच त्याने मी नमुन्याला दाखवलेली भडंगाची पुडी फोडली आणि चावायला लागला. जबडा हलला की रेघा वादळासारख्या उसळतात, त्यामुळे तेवढा भाग वायाच गेला.

"संभाजीराव, एकच पुडी देत होता तो. राग नाही आला?"

"एक तर एक. शिकतंय पोरगं, हॉस्टेलात भूक लागत आसल. खाऊ दे की नऊ."

त्याच्यामागून आलेल्या सगळ्यांनी तेच केलं. एकीने तर मला समजावलं, "मी न्हाय म्हनलं तर त्याचं बी जातंय न्हवं? माझं जाऊ दे, त्याचं कशापायी घालवू?" आक्कांचं कारण वेगळं होतं. "तू पुण्यास्नं वझं वाहून आणलंस. तुझ्या तोंडावर नको म्हनू?" मी सांगितलं, पुड्या माझ्या नाहीत, मला काही वाटणार नाही, मनाला येईल ते दाबा. सगळ्यांनी माना डोलावल्या. दुसऱ्या दिवशीही सगळं उचगाव 'घेतो' म्हणत राहिलं.

नकारच नाहीत तर तुलना कशाशी करणार? रात्री मी वही मिटली तेव्हा पुण्याच्या खोलीपेक्षा दारव्ह्याचं घर जास्त जवळ आल्यासारखं वाटलं.

शाहूपुरी

शनिवारी टोपीत भरायचं जेल आणि सुया नसलेल्या सिरिंज आणायला मी शहरात गेले. शाहूपुरीत सगळं मिळतं, फक्त दुकानदाराच्या प्रश्नांना उत्तरं द्यावी लागतात. पुण्यातला दुकानदार वस्तू ठेवतो आणि दुसरीकडे बघतो. इथल्याने विचारलं, "सुई नसलेली सिरिंज कशाला?" मी खरं सांगितलं. त्याने आतून भावाला हाक मारली. "आरं ये, ह्या ताई डोक्यातलं वाचत्यात." भाऊ आला आणि म्हणाला, "ह्येच्या डोक्यात काय घावलं तर मला कळवा." बिलात त्यांनी आपणहून सूट दिली आणि वर सोलकढीसारखं काहीतरी प्यायला लावलं, ते मठ्ठा निघालं. ते नाकारणंही मला जमलं नाही.

एसटीडी बूथमधून मॅडमना फोन लावला. सगळं ऐकून त्या म्हणाल्या, "मग तिथे बसून उपयोग नाही. उद्याचा दिवस बघ. नकार मिळाले नाहीत तर सोमवारी यंत्र घेऊन परत ये. उरलेली माणसं आपण इथेच शोधू."

"मॅडम, खेळात थोडा बदल करून पाहिला तर..."

"काडीचाही बदल नको. मग पुण्याच्या मुलांशी तुलनाच संपते. आणि वनिता, उचगाव बंद झालं तर तुझ्या जागेचंही मला पुन्हा बघावं लागेल, हे तुला माहीत आहे."

"हो मॅडम," मी म्हणाले.

गंगावेश

संध्याकाळी आक्का शहरात आल्या. सोबतीला संभाजी. त्यांना मला देवीचं दर्शन घडवायचं होतं. मी देवळात काय मागितलं असेल ते वाचकांना सांगायला नको. दुसऱ्याच्या तोंडून नकार यावा असं मागणं देवीकडे क्वचितच कुणी मागितलं असेल.

बाहेर आल्यावर संभाजी म्हणाला, "चला, दूध पाजतो." त्याचा मेहुणा, म्हणजे बायकोचा भाऊ, गंगावेशीच्या दूधकट्ट्यावर म्हशी आणतो. आमच्याकडे दूध पातेल्यातून येतं. इथे रस्त्याच्या कडेला म्हशी उभ्या, मालक तिथेच चरवीत धार काढतो आणि चरवीतलं कोमट, फेसाळ दूध ग्लासात ओतून हातात देतो. माणसं उभ्या उभ्या पितात, ओठांवरचा फेस मनगटाने पुसतात आणि गप्पा मारतात. मी पहिला घोट घाबरत घेतला. ते गोड होतं आणि त्याला गवताचा, उन्हाचा असा काहीतरी वास होता. दुसरा ग्लास मी स्वतः मागितला.

मेहुण्याने मला काठोकाठ ग्लास दिला, आक्कांना दिला आणि संभाजीच्या हातात ठेवला तो अर्धा दूध, अर्धा फेस.

संभाजीने ग्लासाकडे पाहिलं. "ह्ये काय?"

"दूध."

"अर्धा हाय."

"दाजी, फेस बसला की भरतोय."

"फेस बसला की खाली जातोय, खुळ्या. मला शिकवाय लागलास?" संभाजीने ग्लास तसाच त्याच्या हातात परत दिला. "नको मला. ओत त्या म्हशीच्या म्होरं."

"पिऊ नका. मी बी न्हाय पीत. सांडा मग."

"सांड की. दोघं बी कोरडं जाऊ."

आणि मेहुण्याने खरंच ते दूध बादलीत ओतलं. दोघेही एकमेकांकडे बघत उभे राहिले, दोघांच्या हातात काही नाही, आणि दोघांचे चेहरे खुशीत.

मी ग्लास हातात धरून तशीच उभी राहिले. माझ्यासमोर आत्ता माझा खेळच खेळला गेला होता. परवा दहातली एक पुडी हसत घेणाऱ्या माणसाने अर्धा ग्लास धुडकावला होता, आणि आपल्याबरोबर दुसऱ्याचंही घालवलं होतं.

"संभाजीराव, परवा एकाच पुडीला हो म्हणालात. आज अर्ध्या ग्लासाला का नाही?"

त्याला माझा प्रश्नच नीट कळला नाही. "त्यो मेहुणा हाय माझा. त्याच्यावर रागवायचं न्हाय तर कुणावर? तुमच्या त्या काँप्युटरातल्या पोराला मी वळखत बी न्हाय. त्याच्यावर राग कशाला वाया घालवू?"

मेहुण्याने तेवढ्यात दुसरा ग्लास काठोकाठ भरून त्याच्यापुढे केला. संभाजीने तो घेतला आणि अर्धा त्यालाच प्यायला लावला.

पुन्हा उचगाव

रविवारी सकाळी गिरणी बंद होती आणि माणसं यायला अवकाश होता. मनात एकच गोष्ट घोळत होती: मॅडमना पुन्हा फोन करायचा की गुपचूप यंत्र आवरायचं. काहीच ठरेना, म्हणून मी टोपी स्वतःच्या डोक्यावर चढवली. आक्कांनी मागून खुंटांत जेल भरलं. त्या सिरिंज अशा दाबत होत्या जणू करंजीत सारण भरताहेत. मग मी खेळ पूर्ण खेळले. नऊ-एक, 'घेतो'. आठ-दोन, 'घेतो'. मीसुद्धा एकदाही 'नको' म्हणाले नाही.

मग सरासरीची रेघ काढली. अन्यायाच्या वाटणीपाशी रेघ खाली गेली होती. पुण्यातल्या कुठल्याही चिडखोर मुलाच्या रेघेला शोभेल असा खड्डा.

आक्कांनी पडद्यावर बोट टेकवलं. "हितं काय झालंय?"

"वाटणी पटली नाही की तिथे खड्डा पडतो."

"तुझ्या डोक्यातला हाय न्हवं ह्यो? मग हाताला काय झालतं? व्हय कशापायी म्हनलीस?"

याचं उत्तर मी स्वतः भरलेल्या प्रश्नावलीत होतं. 'मी इतरांचं म्हणणं सहसा मान्य करते', बरोबर. 'कुणी नाराज झालं तर मला झोप लागत नाही', बरोबर. मी आजवर मिळेल ते आभार मानून घेतलं, फी माफी, जुनी पुस्तकं, वसतिगृहातली कोपऱ्यातली खाट, आणि ते सगळं मिळालं म्हणूनच मी इथपर्यंत आले, हेही खरं होतं. त्या आभारांची मला लाज नाही. पण त्यांच्याखाली हा खड्डा इतकी वर्षं होता, हे मी पहिल्यांदा पाहत होते.

"मॅडमना फोन करते," म्हणून मी तशीच उठले. "चल, मी बी येते," आक्का म्हणाल्या. "कुठं चाललीस त्या टोपीवर? काढ आदी."

गावातल्या बूथवरून मी मॅडमच्या घरी फोन लावला. आक्का काचेबाहेर उभ्या होत्या.

"मिळाले का नकार?" मॅडमनी विचारलं.

"नाही मॅडम."

"मग उद्या नीघ."

"नाही मॅडम."

"म्हणजे?" मॅडमनी विचारलं. आक्कांनी दार किंचित उघडून "सांग की" म्हटलं आणि पुन्हा लावून घेतलं.

मी सांगितलं. दुधाचा ग्लास, मेहुणा, बादली, सगळं. "पुण्याच्या मुलांना अनोळखी माणसावर रागावता येतं, मॅडम. इथल्या माणसांना रागवायला आधी ओळख लागते. अनोळखी माणूस त्यांच्यासाठी पाहुणा असतो. आपण त्यांना नकार द्यायला सांगतोय ते पाहुण्याला. समोर त्यांचं माणूस बसवून खेळ घेऊ द्या. तुलना मोडेल, मान्य आहे. पण आत्ताची तुलनाही बरोबर नाही."

एवढं सलग मी मॅडमशी कधीच बोलले नव्हते.

"हे तुला कधी सुचलं?" मॅडमनी विचारलं.

"काल दिसलं. सुचायला आजची सकाळ लागली."

मॅडम म्हणाल्या, "दोन्ही खेळ घे. जुना आधी, नवा नंतर, त्याच माणसांवर. मंगळवारपर्यंत थांब. आणि आत्ता बोललीस ते विसरायच्या आत लिहून काढ. आपल्याला लागणार आहे ते."

'आपल्याला' हा शब्द मी बूथमधून बाहेर घेऊन आले. आक्कांनी विचारलं, "काय म्हनली?" मी सांगितलं, राहायला सांगितलंय. "मग भाकरी टाकते," त्या म्हणाल्या.

नव्या खेळात वाटणी करणारा समोर बसायचा. त्याच्या सगळ्या वाटण्या मी आधी भरून घ्यायचे आणि पडद्यावर आकड्याबरोबर त्याचं नाव यायचं. पहिली जोडी आण्णा आणि आक्का. आण्णांनी शांतपणे आकडे सांगितले. पडद्यावर आलं: आण्णा, नऊ. तुम्हाला, एक.

आक्कांनी 'नको' अशा जोराने दाबलं की टेबल हललं. "लहानपणी बी माझा पेरू असाच खाल्लालास," त्या ओरडल्या. रेघा छताला लागल्या.

"आक्का, बोलू नका हो. जबडा हलला की नोंद जाते. आकडा दिसल्यावर गप्प राहायचं, बटण दाबायचं, मग बीप होईल. बीप झाल्यावर काय ते बोला."

"बीप झाल्यावर भांडलं तर चालतंय?"

"चालतं."

हा नियम गल्लीत वाऱ्यासारखा पसरला. रविवार दुपार आणि सोमवार आण्णांनी गिरणी बंदच ठेवली, आणि त्यांच्या ओसरीवर जावा-जावा, भाऊ-भाऊ, दीर-भावजय बसत होते. आकडा दिसला की दगडासारखे चेहरे. बटणाचा टक्क आवाज. बीप. आणि मग जो गलका उठायचा तो रस्त्यावर ऐकू जाई. आणि रांगेतल्या बायका डब्यांवर बसून आपली पाळी कधी येते ते विचारत. संभाजीने मेहुण्याला गंगावेशीहून बोलावून घेतलं. त्या दोघांनी एकमेकांच्या इतक्या वाटण्या मोडल्या की चिठ्ठीत निघालेली फेरीही मोडलेलीच होती, आणि दोघेही हात हलवत खुशीत घरी गेले.

रेघा सुंदर आल्या. एवढ्या थोड्या माणसांवरून मोठं काही म्हणता येत नाही, हे मॅडमनी मला अनेकदा बजावलं आहे, म्हणून एकच गंमत सांगते. स्वतःला भांडखोर म्हणवणाऱ्या संभाजीचा खड्डा अगदी उथळ निघाला. सगळा राग तोंडात. सगळ्यात खोल खड्डा निघाला तो आण्णांचा, आक्का वाटणी करत होत्या तेव्हा. आण्णा त्या रेघेकडे बराच वेळ पाहत राहिले.

"मीटर बरोबर हाय," ते म्हणाले.

"मला म्हाईत हाय ह्याच्या पोटात काय असतंय ते," आक्का म्हणाल्या आणि त्यांनी आपल्या वाट्याची पुडी आण्णांच्या पुढे सरकवली. बीप केव्हाच होऊन गेला होता.

मोडलेल्या फेऱ्यांमुळे पुड्यांचं एक खोकं भरलेलंच राहिलं. खेळाच्या नियमाने त्या कुणाच्याच नव्हत्या. सोमवारी संध्याकाळी आक्कांनी मोठी परात काढली, सगळ्या पुड्या फोडून त्यात ओतल्या, वर कांदा, कोथिंबीर, लिंबू. दिवसभर एकमेकांना पुडी न देणारी माणसं एकाच परातीत हात घालून खात बसली.

रात्री संभाजीच्या घरी तांबडा-पांढरा रस्सा झाला. पांढरा सौम्य असतो असं सांगून त्यांनी मला फसवलं. माझं नाक वाहायला लागलं तेव्हा संभाजीची बायको म्हणाली, "वऱ्हाडात तिखट खात्यात म्हनं?" मी म्हणाले, खातो, पण घासागणिक पाणी पिऊन. संभाजी हसून म्हणाला, "ताई, पाणी न्हाय, रस्साच प्या अजून." मी पाहुणीची ताई कधी झाले ते माझ्या लक्षात आलं नव्हतं.

मंगळवारी निघायच्या दिवशी आक्कांनी पुन्हा हुग्गी केली. एक पळी खाल्ली. दुसरी खाल्ली. आता तिसरी माझ्या वाडग्यावर आली. पायाशी यंत्राचं खोकं बांधून ठेवलं होतं, त्यावर कोल्हापुरी चपलांचे दोन जोड, आईबाबांसाठी. मी वाडग्यावर हात आडवा धरला.

"नको आक्का. पोट भरलं."

पळी हवेतच थांबली. आण्णांनी ताटातून मान वर केली. आक्कांनी माझ्याकडे रोखून पाहिलं, आणि मला वाटलं, मी आता चुकले.

त्यांनी ती हुग्गी आपल्या वाडग्यात ओतली, मांडी घालून बसल्या आणि पहिला घास घेतला.

"बरं झालं बाई," त्या म्हणाल्या. "तू आलीस तवापास्नं माझ्या वाटणीची तूच खाय लागलीयास."